सोजराबाईचा क्लच

मालोजीची मोटार बंद पडली म्हणून आकुर्डीत कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही, असं काही झालं नाही. उलट चारदोन जणांना आतून गुदगुल्याच झाल्या. आख्ख्या गावात मोटार एकच, तीही अमेरिकन, पिस्ता रंगाची, बैलगाडीएवढी रुंद. आणि ती चालवणार कोण, तर डावा पाय गुडघ्यात न वाकणारा मालोजी. असल्या माणसानं पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या साहेबलोकांना पुण्याच्या स्टेशनावर नेऊन सोडावं, लग्नसराईत नवरानवरी मिरवावीत आणि परत येताना चावडीपुढं हॉर्न वाजवावा, हे काही जणांना कधीच पचलं नव्हतं. आता मोटार गोठ्याशेजारी धूळ खात पडली होती आणि तिच्या टपावर कोंबड्या बसत होत्या. त्या कोंबड्या हाकलायला हातातलं काम टाकून धावणारी एकटी सोजराबाई, मालोजीची बायको. मालोजी स्वतः तिकडं बघतही नव्हता.

मालोजी पूर्वी लोणावळ्याला बंगला असलेल्या एका संस्थानिकांकडे ड्रायव्हर होता. खंडाळ्याच्या घाटात दरीकडं निघालेली त्यांची जुनी गाडी त्यानं कड्याला घासत थांबवली, तेव्हा राजेसाहेबांना खरचटलंसुद्धा नाही, पण मालोजीचा डावा गुडघा कायमचा गेला. डावा पाय गेला की ड्रायव्हर संपला, कारण गिअर बदलायचा तर दर वेळी डाव्या पायानं क्लच दाबावा लागतो. पण नशीब बघा, राजेसाहेबांनी त्याच सुमाराला ही नवी गाडी मागवली होती आणि तिला क्लचच नव्हता. गिअर तिचे तीच बदलायची. माणसानं उजव्या पायानं एकदा चल म्हणायचं, एकदा थांब म्हणायचं, बस्स. मालोजी पुन्हा चाकामागं बसला. पुढं राजेसाहेब कायमचे विलायतेला निघाले, तेव्हा जाताना गाडी त्याच्या नावावर करून गेले. गाव म्हणालं, लंगड्याला राज्य मिळालं.

ते राज्य आता बुडालं होतं. गिअर बदलणारी ती शहाणी पेटी देहूरोडच्या चढाला आतून जळाली. मुंबईच्या दुकानदारानं सांगितलं की सामान अमेरिकेहून यायला हवं आणि सरकारनं तर आयातच आवळली आहे. पुण्याच्या मिस्त्र्यांनी पेटी उघडून बघितली, डोकं खाजवलं आणि परत झाकली. मालोजी घरी येऊन ओसरीवर बसला तो बसलाच. दाढी वाढली, बोलणं आटलं. जेवायला हाक मारली की यायचा आणि जेवून परत तिथंच जाऊन बसायचा. सोजराबाईला त्याचा राग यायचा आणि त्याच्याकडे बघून पोटात तुटायचंही.

मालोजीचे थोरले भाऊ नानासाहेब. घर एकत्र, शेती एकत्र, आणि शब्द एकट्या नानासाहेबांचा. माणूस वाईट नव्हता, हीच तर सोजराबाईची पंचाईत होती. वाईट माणसाशी कचाकचा भांडून मोकळं तरी होता येतं. नानासाहेबांनी एक दिवस पुण्याहून लक्ष्मणरावांना बोलावून घेतलं. जुन्या गाड्या घ्यायच्या, फोडायच्या आणि पत्रे, काचा, इंजिन सुटं विकायचं, हा लक्ष्मणरावांचा धंदा. ते गाडीभोवती दोन चकरा मारून आले, ओसरीवर बसले आणि चहा फुर्र करून प्यायले. सोजराबाई रिवाजाप्रमाणे दाराआड उभी होती. थोरल्या दिरासमोर तिनं लग्न झाल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावरचा पदरही कधी घसरू दिला नव्हता.

"दसरा झाला की घिऊन जा," नानासाहेब म्हणाले. "आमच्या मालोजीला काय कमी हाय? दोन येळचं बसून खाईल. भाऊ हाय माझा, मला जड न्हाई."

ते अगदी प्रेमानं म्हणाले. मालोजीनं मान खाली घातली. दाराच्या फटीतून सोजराबाईला त्याची ती खाली गेलेली मान दिसली आणि तिच्या कानशिलात जाळ झाला. बसून खाईल! ज्या माणसानं दरीच्या तोंडावरून गाडी परत फिरवली, तो आता बसून खाईल!

ओसरीवर सोनबाही होता. सोनबा सोजराबाईच्या माहेरचा, मामुर्डीचा, नात्यानं चुलतभाऊ. देहूरोडला लष्कराचा टाकाऊ माल ज्या वखारीत येऊन पडतो तिथं तो मिस्त्री होता. तपकिरीची चिमूट ओढून तो म्हणाला, "मी काय म्हंतो नानासाहेब, आमच्या वखारीत एक लष्करी मोटार पडलीया. हिच्याच जातीची, पर हातानं गिअर बदलायची. तिची पेटी, क्लच, सगळं काढून हिला बसवता येईल की. हिथं घरी बसवू."

लक्ष्मणराव हसले. "बसवाल हो. पण क्लच दाबणार कोण? मालोजीरावांचा पाय तर..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

मालोजीनं ताठ पाय हातानं उचलून थोडा बाजूला ठेवला, जणू तो कुणाच्या वाटेत येत होता.

"मी दाबीन," दाराआडून आवाज आला.

आधी कुणाला समजलंच नाही. मग लक्ष्मणरावांना ठसका लागला, सोनबा तपकीर सांडून बसला आणि नानासाहेबांच्या मिशीचे केस ताठ झाले. भावजयीशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून ते भावाला म्हणाले, "मालोजी, आत सांग. बाप्ये बोलत असताना बायकांनी मधी पडू न्हाई."

"सोनबादादा," दाराआडून पुन्हा आवाज आला, "गाडीत म्होरं लांबलचक बाकडं हाय. ह्यांच्या शेजारी मी बसंन. चाक ह्यांचं, गिअर ह्यांचा, बिरिक ह्यांचा. नुसता क्लच माझा. पेटी बगायला कवा येऊ ते सांग."

नानासाहेबांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण पाहुण्यासमोर घरातला तमाशा नको, आणि हे काही जमणारं नाही याची त्यांना शंभर टक्के खात्री होती. ते म्हणाले, "करा काय करायचं ते. दसऱ्याला खंडोबाच्या माळाचा चढ चढून दाखवा. चढली तर गाडी मालोजीची, मी पुन्यांदा शब्द काढनार न्हाई. न चढली तर लक्ष्मणराव, दसऱ्याच्याच दिवशी दोर लावा आन् ओढून न्या."

त्या दिवशी मालोजी महिन्याभरात पहिल्यांदा भरभरून बोलला, आणि ते सगळं बायकोवर ओरडण्यात गेलं. लोक काय म्हणतील? बायकोच्या पायावर गाडी हाकतो म्हणतील. दिवसाढवळ्या नवराबायको खांद्याला खांदा लावून गावातून जाणार, लाज आहे का? सोजराबाई भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवून ठेवला.

"तुमचा गुडगा तुमी राजेसाहेबांसाठी घालवला, तवा लाज वाटली न्हाई. माझ्या पायाची लाज वाटती व्हय? मग बसा भावाच्या वसरीला. बसून खावा. मी वाढते की दोन येळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालोजीनं दाढी केली.

पेटी आली ती बैलगाडीतून. तिच्या बदली सोजराबाईनं माहेराहून मिळालेली आपली पारडी वखारवाल्याच्या दारात नेऊन बांधली आणि मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडली असती. गाडीवर पेटी, क्लचची तबकडी, ती दाबून धरणारा झाकणासारखा भाग, इंजिनाच्या पाठीवर बसणारं जड चाक आणि पायानं दाबायचा क्लचचा पायटा, असा सगळा संसार गोणपाटावर मांडून सोनबा वर बसला होता.

आता प्रश्न आला, गाडीच्या पोटाखाली शिरायचं कसं. पेटी खालून काढायची, खालून चढवायची. पुण्याच्या कारखान्यात त्यासाठी खड्डा असतो. सोजराबाई म्हणाली, "आपल्यात बी हाय की." विहिरीवर ऑइल इंजिन आल्यापासून मोट बंद होती आणि बैलांची धाव रिकामी पडली होती. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जायचे, ती खोल खणलेली वाट, दोन्ही बाजूंना दगडी ताली. त्या तालींवर बाभळीच्या दोन जाड तुळया आडव्या टाकल्या, त्यांच्यावर गाडी ढकलली आणि खाली माणूस ताठ उभा राहील एवढा खड्डा आयता तयार झाला. मोटेची चाकं आणि नाडा होताच. जळालेली पेटी त्याच नाड्यावर खाली आली. बैल ओढायला तयार, पण या वेळी ओझं विहिरीतलं नव्हतं म्हणून जरा बावचळलेले.

मालोजी खड्ड्यात उतरू शकत नव्हता. तो वर तालीवर बसून सांगायचा, सोनबा खालून करायचा आणि सोजराबाई पदर खोचून दोघांच्या मध्ये. तीनच दिवसांत तिला कुठला पाना कुठल्या नटाला लागतो ते कळायला लागलं. गाडीच्या तळाला छिन्नीनं भोक पाडून क्लचचा पायटा वर काढला, तेव्हा मालोजीनं त्या भोकाकडं बराच वेळ बघितलं. जिथं त्याचा डावा पाय आरामात पडून राहायचा, तिथं आता लोखंड उभं होतं.

"हे माझं न्हाई," तो पुटपुटला.

"व्हय, माझं हाय," सोजराबाई म्हणाली आणि पायट्यावर पाय ठेवून बघितला. जोडवी लोखंडावर खट्कन वाजली.

मग शिकवणी सुरू झाली. गाडी तुळयांवर, म्हणून ती ओसरीतल्या पलंगावर. एका फळीखाली उखळातलं मुसळ आडवं ठेवून मालोजीनं खोटा पायटा केला. तो गिअरचा नंबर पुकारायचा, "पहिला" किंवा "दुसरा", की तिनं दाबायचं, त्यानं हवेत गिअर टाकायचा, आणि मग तिनं पाय वर घ्यायचा, पण भसकन नाही. दुधावरची साय काढावी तसा. भसकन सोडला की मालोजी खेकसायचा, "बंद पडली!" ती चिडायची. जाऊबाई आतून तोंडाला पदर लावून हसायच्या. गावात ही बातमी कधीच पोचली होती आणि पाणवठ्यावर सोजराबाई आली की बायका एकमेकींना म्हणायच्या, "दुसरा!" सोजराबाई घागर भरून घ्यायची आणि म्हणायची, "तुमच्या घरच्याला पहिला तरी पडतो का बगा."

खंडेनवमीला काम थांबलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याची पूजा करायची. फाळ, विळे, कुऱ्हाड, पहार, कुदळ, सगळं लोखंड घासूनपुसून, तेलाचा हात देऊन ओसरीवर पाटावर मांडलं. सोनबाचे पानेही त्यात. पेटी गाडीला चढवायची राहिली होती, तिचे भाग घरातच होते. सोजराबाईनं तेही पाटावर घेतले. घरात आलेलं नवं लोखंड पुजेला कोरडं कसं ठेवायचं? तिनं हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, हात जोडले आणि मनातल्या मनात खंडेरायाला म्हणाली की एवढं एक पार पाड. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे सोनबानं कुंकू फडक्यानं पुसलं, सगळं जोडलं, पेटी चढवली आणि गाडी बाभळीच्या तुळयांवरून मागं ढकलून अंगणात आणली.

दसऱ्याची सकाळ. गाडीला झेंडूची माळ, चार चाकांखाली चार लिंबं. अंगणात घरची माणसं, शेजारपाजारी, आणि बांधाला सायकल टेकवून लक्ष्मणराव. त्यांच्या हातात दोराचं भेंडोळं होतं, आणि ते त्यांनी सगळ्यांना दिसेल असं धरलं होतं. मालोजी चाकामागं बसला. सोजराबाई त्याच्या डाव्या बाजूला, पदर डोक्यावरून पुढं ओढून, अगदी त्याला चिकटून, कारण तिथंच पायटा होता. जमलेल्यांत खसखस पिकली.

"पहिला," मालोजी म्हणाला. तिनं दाबला. त्यानं चाकाखालचा दांडा खाली ओढला. तिनं सायीसारखा पाय वर घेतला.

इंजिन ओरडलं. गाडी जागची हलली नाही.

मालोजीनं आणखी पेट्रोल दिलं. इंजिन आणखी ओरडलं, कोंबड्या कौलावर चढल्या, आणि लिंबं होती तशी पिवळीधम्मक चाकांखाली पडून राहिली. मालोजीनं गाडी बंद केली. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. नानासाहेब हसले नाहीत. ते जवळ आले आणि खिडकीतून भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं न्हवं मनासारखं? चल. आत चल, जेवायला बस."

मालोजी दार उघडायला लागला. पण सोजराबाई हलली नव्हती. तिचं नाक वर झालं होतं. गाडीच्या तळाच्या भोकातून धूर येत होता आणि त्या धुराला वास होता. जळक्या लोखंडाचा नव्हे. तो वास तिला रोज सकाळसंध्याकाळ यायचा.

"करडईचं त्याल," ती म्हणाली. "फोडणीचा वास हाय हा."

"काय?" सोनबा धावत आला.

"काल म्या पुजेला त्यालाचा हात फिरवला. समद्या लोखंडाला. त्या तबकडीला बी."

सोनबानं कपाळावर हात मारून घेतला. क्लचची तबकडी कोरडी हवी, अगदी खडखडीत कोरडी. तिनं इंजिनाच्या पाठीवरच्या जड चाकाला घट्ट धरलं तरच गाडी हलणार. तेल लावलेल्या हातानं घागर धरावी तशी ती आत नुसती निसटत होती. कुंकू पुसताना सोनबाला तेल दिसलं नव्हतं, का दिसूनही सवयीनं कळलं नव्हतं, कोण जाणे. त्याच्या घरीही लोखंडाला तेल लावत होतेच. लक्ष्मणरावांना हा किस्सा आयुष्यभर पुरणार होता. "वहिनींनी गाडीला फोडणी दिली!" ते म्हणाले आणि दोराचं टोक सोडवायला लागले.

सोजराबाई गाडीतून उतरली. अपमानानं तिचे डोळे भरून आले होते, आणि ते कुणाला दिसलं तरी आता तिला पर्वा नव्हती. चूक तिची होती, आणि तिनंच ती निस्तरायची होती. ती दिराकडे न बघता मोठ्यानं म्हणाली, "दसरा सांजच्याला सोनं लुटून संपतो. अजून दिस माथ्यावर बी आला न्हाई. दोर गुंडाळून ठेवा म्हनावं."

नानासाहेबांनी शब्द दिला होता आणि शब्द दसऱ्याचा होता, सकाळचा नव्हे. त्यांनी लक्ष्मणरावांना हातानंच थांबवलं.

गाडी पुन्हा ढकलत धावेवर गेली. जी पेटी पहिल्यांदा चढवायला पहाट गेली, ती आता झटक्यात उतरली, कारण हात सरावले होते. मालोजी तालीवर बसला नाही. दोरीला धरून, ताठ पाय फरफटत तो स्वतः खड्ड्यात उतरला आणि भिंतीला टेकून उभा राहून नट सोडवायला लागला. सोजराबाईनं त्याला अडवलं नाही. तिला त्याचा तो घामेजलेला, काळा झालेला चेहरा बघून एवढं बरं वाटलं की सकाळचं हसणं ती विसरली.

तबकडी पेट्रोलनं धुतली, पण उन्हात ठेवली की तेल पुन्हा आतून वर येऊन चमकायचं. सोनबानं हात टेकले. सोजराबाई मात्र तबकडी घेऊन चुलीपाशी बसली. तेलाचं भांडं कसं काढायचं ते काय तिला मिस्त्र्यानं शिकवायचं? तिनं चुलीतली कोरडी गरम राख तिच्यावर चोळली, राखेत पुरून ठेवली, तेल प्यायलेली राख झटकली, पुन्हा नवी चोळली. आणि अशी चोळत राहिली की शेवटी राख कोरडीच्या कोरडी झटकली जायला लागली. मग सोनबानं पॉलिश पेपरनं तिचं अंग खरवडलं आणि पुन्हा एकदा पेट्रोलचा हात दिला. उन्हं कलली तेव्हा गाडी अंगणात होती. लिंबं बदलायला कुणाला सुचलं नाही. तीच चार सकाळची.

"पहिला."

लिंबं फचकन फुटली आणि गाडी अंगणाबाहेर गेली.

खंडोबाच्या माळावर सगळं गाव जमलं होतं. पालखी वर पोचली होती, आपट्याची पानं वाटली जात होती, पोरं हलगीपुढं नाचत होती. चढाच्या पायथ्याशी गाडी आली तशी हलगी थांबली आणि सगळी तोंडं खाली वळली. चढ लांब नाही, पण उभा आहे. भरलेल्या गाडीचे बैल तिथं गुडघे टेकतात. मालोजीनं पहिल्या गिअरमध्ये गाडी चढाला लावली. सोजराबाईचा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला. जोडव्यांनी बोटं सोलवटली होती, पण पाय पायट्याच्या वर अलगद तयार.

अर्धा चढ चढून गेल्यावर वरून नानासाहेब खाली आले आणि वाटेच्या मधोमध उभे राहिले. लाल फेटा, हातात आपट्याची फांदी. दुसरा हात त्यांनी वर केला.

मालोजीचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. "दाब," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि तिनं क्लच दाबला, म्हणून इंजिन बंद पडलं नाही. गाडी चढावर तिरकी लटकल्यासारखी थांबली. मालोजीनं हातब्रेक ओढला.

"बगितली," नानासाहेब म्हणाले. "चढती गाडी. मी शब्द फिरवत न्हाई. पर अंगनात झालं ते अंगनात. हितं देव हाय, गाव हाय. घरची बाई अशी नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून गावाम्होरं मिरवनार? तिला उतरव. मग जा वर."

मालोजीनं समोर बघितलं. थोरल्या भावापुढं त्यानं आयुष्यात कधी मान वर केली नव्हती. दोन्ही हात चाकावर घट्ट, पण त्या हातांत काही जोर उरला नव्हता. मागं, चढाच्या खाली, लक्ष्मणराव दोर घेऊन उभेच होते. ती उतरली की गाडी तिथंच राहणार, आणि न उतरली तर मालोजी भावाला ओलांडून पुढं जाणार नाही. नानासाहेबांना ते माहीत होतं. गावाला माहीत होतं.

सोजराबाईलाही माहीत होतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. ओढला नाही, नुसता सारखा केला. आणि खिडकीतून बाहेर न वाकता, समोरच्या काचेतून सरळ नानासाहेबांच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "थोरलं भावजी, वाटंतनं बाजूला व्हा."

तिनं त्यांना हाक मारली होती, गावापुढं, तोंडावर.

"मालोजी!" नानासाहेब गरजले. ते अजूनही तिच्याशी बोलत नव्हते. "हिला आवर!"

सोजराबाई नवऱ्याकडे वळली नाही.

"मी पाय काढते हाय," ती हळूच म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल एवढंच. "हातबिरिक तुमच्या हातात हाय आन् पेट्रोल तुमच्या पायात. तुमी न्हाई दिलं तर गाडी बंद पडंल, आन् लक्ष्मणराव दोर लावून मागं ओढून न्हेतील. कुटं जायचं ते तुमीच ठरवा. मी पाय काढला."

आणि तिनं पाय उचलायला सुरुवात केली. सायीसारखा. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडीचं नाक थरथरलं, आता गुदमरणार असं वाटलं. ती थांबली नाही. पाय वर येत राहिला.

मालोजीचा उजवा पाय खाली गेला. जोरात. त्यानं हातब्रेक सोडला आणि हॉर्नवर पंजा आपटला. चावडीपुढं वाजायचा तो हॉर्न माळावर असा वाजला की पालखीच्या भोयांनी खांदे बदलले. गाडीनं एक हिसका घेतला आणि नानासाहेबांच्या दिशेनं निघाली. ते जागेवर उभे राहिले, एक क्षण, दोन क्षण. मग त्यांनी उडी मारली. फेटा सुटून धुळीत पडला आणि पिस्ता रंगाच्या गाडीचं चाक त्याच्या शेजारून गेलं.

"माल्या! थांब! माल्या, मी सांगतोय!"

मालोजी रडत होता. चाक धरल्यामुळं त्याला डोळे पुसता येत नव्हते. माथा जवळ आला, चढ मोडला, समोर सगळं गाव दोन बाजूंना होत वाट करून देत होतं. मागून भावाची हाक पुन्हा आली.

"दुसरा," मालोजी म्हणाला.

सोजराबाईनं पाय दाबला.